दाव्याला बांधलेल्या मोटारी

गेल्या वर्षी दिवाळी आटोपून आम्ही उभयता चिरंजीवांकडे कॅनडातील विनिपेग या गावी गेलो. सूनबाईंना दिवस गेलेले होते आणि जानेवारीच्या अखेरीस बाळंतपण अपेक्षित होते. पोहोचलो त्याच संध्याकाळी खिडकीतून बाहेर पाहिले, तो समोरच्या आवारात ओळीने उभ्या असलेल्या मोटारींचे एक विलक्षण दृश्य दिसले. प्रत्येक मोटारीच्या नाकातून एक जाडसर वायर बाहेर आलेली होती आणि ती समोरच्या कमरेएवढ्या खांबाला जोडलेली होती. सांगलीकडच्या खेड्यात बालपण गेलेल्या माणसाला त्या वेळी जे आठवायचे तेच आठवले. गोठ्यात दाव्याला बांधलेली जनावरे रात्री अशीच ओळीने उभी असत. मी चिरंजीवांना विचारले, "इथे सगळ्याच मोटारी विजेवर चालतात काय रे?"

तो हसला. "नाही अण्णा, या पेट्रोलच्याच आहेत. रात्रीची त्यांना ऊब द्यावी लागते."

यंत्राला ऊब, ही कल्पना मला प्रथम गमतीची वाटली. पुढे त्याच वायरीने मला एका रात्री चांगलाच धडा शिकवला. ती हकीकत यथावकाश सांगेन. परंतु तिचे मर्म कळण्यासाठी थंडी इंजिनाचे नेमके काय करते हे आधी समजून घेतले पाहिजे.

विनिपेग हे उत्तर अमेरिकेच्या मधोमध पसरलेल्या विस्तीर्ण मैदानावर वसलेले आहे. समुद्र दूर, आणि उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याला अडवणारा डोंगर नाही. जानेवारीतील सरासरी तापमान तेथे शून्याखाली १६ अंशांच्या आसपास असते, आणि दर हिवाळ्यात कित्येक रात्री उणे ३० च्याही खाली जातात. उणे ४० हा आकडा तेथील लोक विशेष आदराने उच्चारतात, कारण सेल्सिअस व फॅरनहाइट ही दोन्ही मापे त्या एकाच बिंदूवर एकमेकांना भेटतात. त्या थंडीत कोणते माप म्हणता, असे विचारावेच लागत नाही.

अशा रात्री उघड्यावर उभ्या राहिलेल्या मोटारीवर एकाच वेळी तीन संकटे येतात. पहिले तेलाचे. इंजिनातील वंगण थंडीने घट्ट होत जाते. आपल्याकडे कोल्हापूरच्या गुऱ्हाळात ताजी काकवी किती सहज ओघळते आणि पौषातल्या पहाटे तीच काकवी बरणीतून किती नाइलाजाने निघते, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगणे नको. तेलाच्या डब्यावर जो आकडा आणि त्यापुढे 'डब्ल्यू' हे अक्षर असते, ते इंग्रजीतील हिवाळ्याचे आद्याक्षर होय. शून्य-डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे ३५ अंशांवर घेतात, पाच-डब्ल्यूची उणे ३० वर, पंधरा-डब्ल्यूची उणे २० वर आणि वीस-डब्ल्यूची उणे १५ वर. म्हणजे आकडा जितका लहान तितके ते तेल अधिक थंडीत वाहते राहते. आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात असलेले वीस-डब्ल्यू-चाळीस तेल विनिपेगच्या जानेवारीत घालून मोटार बाहेर ठेवली, तर सकाळी इंजिन फिरवणे म्हणजे डांबरात रवी घुसळण्यासारखे होईल.

दुसरे संकट बॅटरीचे. शिसे आणि आम्ल यांची बॅटरी ही मुळात रासायनिक क्रियेवर चालणारी वस्तू. थंडीत ती क्रिया मंदावते. उणे १८ अंशांवर चांगली बॅटरीसुद्धा आपल्या सामर्थ्याचा जवळजवळ अर्धा भाग गमावून बसते. तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला नेहमीपेक्षा अधिक जोर हवा, आणि नेमका त्याच वेळी जोर देणारा अर्धमेला. घरखर्च दुप्पट व्हावा आणि त्याच महिन्यात पगार निम्मा मिळावा, तसा हा प्रकार. त्यातही बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर तिच्यातील द्रव उणे ७ अंशांच्या आसपासच गोठतो. पूर्ण भरलेली मात्र उणे ५० लाही गोठत नाही.

तिसरे संकट पेट्रोलचे. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. कडाक्याच्या थंडीत त्यातला अगदी हलका अंशच वाफ होतो. बाकीचे तसेच सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळते आणि जाता जाता तिथला तेलाचा पातळ थर धुऊन नेते. म्हणून थंडगार इंजिन कसेबसे सुरू झाले तरी पहिली काही मिनिटे धातू धातूवर कोरडा घासला जातो. एका सकाळची ही झीज डोळ्यांना दिसत नाही, पण अशा सकाळी हिवाळ्यात शंभर येतात.

आता कोणीही म्हणेल, आणि मीही म्हणालो, की मग मोटारीवर जाडजूड गोधडी का घालू नये? चिरंजीवाने दिलेले उत्तर मला फार आवडले. गोधडी स्वतः ऊब देत नाही. आपल्या अंगात निर्माण होणारी ऊब ती आपल्यापाशी ठेवते. माणूस झोपेतही उष्णता निर्माण करतो, बंद पडलेले इंजिन करत नाही. संध्याकाळी नव्वद अंश तापलेले इंजिन गोधडीखाली थोडे सावकाश निवेल, एवढेच. पहाटेपर्यंत तेही बाहेरच्या हवेइतकेच थंड होणार. वाऱ्याच्या बाबतीतही असाच एक गैरसमज आहे. हवामानखाते सांगते की तापमान उणे ३० आहे, पण वाऱ्यामुळे ते उणे ४५ सारखे जाणवेल. हे जाणवणे उघड्या कातडीचे. इंजिनाला ते लागू नाही. वारा इंजिनाला लवकर निववतो, परंतु हवेच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. म्हणजे प्रश्न ऊब झाकण्याचा नाही, थोडी का होईना पण ऊब पुरवीत राहण्याचा आहे. आमची आजी रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवी आणि पहाटे त्यावर गोवरीचा चुरा घालून फुंकर मारी. राख झाकणाचे काम करी हे खरे, पण आत निखारा होता म्हणून.

मोटारीच्या पोटात हा निखारा ठेवण्याची युक्ती सापडायला बराच काळ लागला. आमच्या शेजारी पंच्याहत्तरीच्या एक आजी राहत. त्यांचे आजोबा युक्रेनमधून येऊन या मैदानावर शेतकरी झाले. विनिपेग परिसरात अशी युक्रेनियन कुटुंबे पुष्कळ आहेत. या आजी पहिल्या आठवड्यातच बटाट्याचे पॅटिस घेऊन आल्या. आम्ही बटाटा खात नाही असे सूनबाईंनी सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी कोबीचे घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांच्या वेळच्या गोष्टी ऐकताना मला आपल्याकडील जुन्या शेतकऱ्यांचीच आठवण होई. त्या काळी रात्री रेडिएटरमधले पाणी काढून टाकीत, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि त्या फुगण्याने ओतीव लोखंडाचे इंजिनसुद्धा तडकते. बॅटरी काढून स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठेवीत. सकाळी तापवलेले पाणी रेडिएटरमध्ये भरीत, आणि तरीही इंजिन ऐकले नाही तर पत्र्याच्या थाळीत निखारे घालून ते इंजिनाखाली सरकवीत. या उपायाने गाड्या सुरू झाल्या तशा काही जळूनही गेल्या, असे आजी अगदी शांतपणे सांगत.

उत्तर कॅनडाच्या निर्जन प्रदेशांत लहान विमाने नेणाऱ्या वैमानिकांची दिनचर्या तर याहून कष्टाची होती. मुक्कामी उतरल्यावर, स्वतःच्या जेवणाआधी, ते इंजिनातले गरम तेल बादलीत काढून घेत आणि बादली झोपडीत नेऊन ठेवीत. सकाळी ती चुलीवर तापवायची, विमानाच्या नाकावर कॅनव्हासचा तंबू घालून त्याखाली स्टोव्ह पेटवायचा, तासन्‌तास त्या ज्वाळेवर लक्ष ठेवून बसायचे, आणि इंजिन उबदार झाले की तापलेले तेल ओतून लगेच ते सुरू करायचे. दुसऱ्या महायुद्धात १९४१ च्या हिवाळ्यात रशियात अडकलेल्या जर्मन सैन्यानेही इंजिनांखाली जाळ केले, आणि तेलात पेट्रोल मिसळून ते पातळ करण्याची रीत तेथे प्रचलित झाली.

मध्यंतरी १९२७ साली अमेरिकेत 'प्रेस्टोन' या नावाने इथिलीन ग्लायकॉल बाजारात आले आणि रोज पाणी काढण्याचा व्याप संपला. त्याआधी लोक पाण्यात मद्यार्क मिसळीत, पण तो इंजिन तापले की उडून जाई. ग्लायकॉलची एक गंमत सांगण्याजोगी आहे. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांवरच गोठते. पाणी शून्यावर गोठते. दोन्ही समप्रमाणात मिसळले की मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत पातळ राहते. एकेकटे दोघेही दुबळे, एकत्र मात्र भक्कम. परंतु हे द्रव्य गोठणे टाळते, ऊब देत नाही. पुष्कळ नवखे लोक येथेच फसतात. रेडिएटरमध्ये रंगीत पाणी भरले म्हणजे हिवाळ्याची तयारी झाली असे समजतात.

ऊब देण्याचा सोपा मार्ग काढला तो विनिपेगच्या दक्षिणेस, सरहद्दीपलीकडे सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर असलेल्या ग्रँड फोर्क्स या गावच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी. ते नॉर्थ डकोटातील वीज सहकारी संस्थांचे काम पाहत. इंजिनाचे डोके ज्या जाड बोल्टांनी आवळलेले असते त्यांपैकी एक काढून त्याजागी विजेने तापणारा पोकळ बोल्ट बसवायचा, ही त्यांची कल्पना. १९४९ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. शेतकऱ्यांच्या घरी वीज नुकतीच पोहोचू लागली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. वीज घरात दिवा लावील हे सर्वांना ठाऊक होते, ती गोठ्याबाहेरच्या मोटारीलाही रात्रभर सांभाळील हे ध्यानात यायला त्याच थंडीत राहणारा माणूस लागला.

आजचा ब्लॉक हीटर बोल्टाच्या जागी नसतो. इंजिनाच्या ओतकामात बाजूला काही गोल भोके असतात आणि ती पत्र्याच्या टोप्यांनी बंद केलेली असतात. त्यांपैकी एक टोपी काढून तेथे बोटभर लांबीचा तापणारा दांडा बसवतात. तो आतल्या ग्लायकॉल-पाण्याला गरम करतो. गरम द्रव वर चढतो, थंड खाली येतो, आणि पंप बंद असतानाही ऊब हळूहळू सर्व इंजिनात पसरते. पाण्याचा बंब जसा तापतो तसेच. लहान मोटारीला साधारण चारशे वॅट पुरतात, म्हणजे घरातल्या इस्त्रीच्या निम्म्याहूनही कमी. तेलाच्या तळाशी चिकटवायची तापती गादी निराळी मिळते, बॅटरीभोवती गुंडाळायची निराळी. कोठे कोठे मोटारीच्याच टाकीतले इंधन जाळून इंजिन तापवणारी छोटी भट्टी बसवतात. वीज जवळ नसेल तेथे ती सोयीची. टोयोटाने २००४ ते २००९ या काळात अमेरिकेत विकलेल्या प्रियस मोटारीत तर चक्क थर्मास बसवला होता. मोटार बंद झाली की सुमारे तीन लिटर तापलेला द्रव त्यात जाऊन बसे आणि पुढच्या वेळी तोच इंजिनात परत येई.

सायबेरियातील याकुत्स्क येथे थंडी विनिपेगहूनही भयंकर. तेथे मोटारीला जाड नमद्याची झूल घालतात, काचा दुहेरी करतात, आणि ज्यांना उबदार गॅरेज नाही त्यांतले काही जण इंजिन बंदच करीत नाहीत. तो प्रकार मला मुळीच रुचला नाही. निष्क्रिय फिरणारे इंजिनसुद्धा ताशी लिटरभराच्या आसपास इंधन पिते, आणि अर्धवट जळालेले पेट्रोल तेलात उतरून ते नासवते. शिवाय त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅरेजचे दार उघडे ठेवले म्हणजे झाले, असे समजून आत मोटार चालू ठेवणारी कुटुंबे त्या वायूने गेल्याच्या बातम्या थंड मुलुखात दर हिवाळ्यात येतात. बर्फात रुतलेल्या मोटारीत ऊब घेत बसायचे असेल तर आधी मागची धुराची नळी बर्फाने बुजलेली नाही ना हे उतरून पाहावे. परदेशी असलेल्या आपल्या मुलाबाळांना एवढे एक वाक्य तरी फोनवर अवश्य सांगावे.

आपल्या देशात हा प्रश्न नाही असे मात्र नव्हे. लडाखच्या वाटेवरील ट्रकचालक आणि सैन्यात गाड्या चालवणारी आपल्या सातारा-सांगलीकडची मुले हा सगळा खटाटोप जाणतात. तेथे इंधन बहुधा डिझेल. डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो, आणि थंडीत ते मेण दाण्यादाण्यांनी गोठून गाळणी बुजवते. मग टाकीखाली स्टोव्ह पेटवायचा, ही जुनी आणि जीवघेणी रीत. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले, तेव्हापासून तो जाच पुष्कळ हलका झाला आहे.

आता माझी हकीकत. विनिपेगला डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. त्यामुळे आमचे जेवण चारलाच आटोपे. जेवण झाले की कोट, टोपी, हातमोजे, बूट असा सारा जामानिमा करून मी बाहेर जाई आणि चिरंजीव कामावरून परतल्यावर मोटारीचे दावे खांबाला जोडी. हे काम मी हौसेने मागून घेतले होते. हळूहळू माझ्यातला जुना हिशेबनीस जागा झाला. चारशे वॅट, रात्रीचे दहा तास, म्हणजे चार युनिट. हिवाळ्याच्या एकशेवीस रात्रींचे चारशेऐंशी युनिट! आणि इंजिन तर दोन-तीन तासांत पुरेसे उबदार होते. पुढची वीज निव्वळ बाहेरची हवा तापवते. हे मी मनाने ठरवलेले नाही, तेथील वीज कंपन्या आणि सरकारही हेच सांगतात की टायमर लावा आणि निघण्यापूर्वी काही तासच हीटर चालू ठेवा. तीन तास धरले तर रात्रीला एक युनिट आणि वर थोडे. चारशेऐंशीचे एकशेचव्वेचाळीस होतात.

चिरंजीव म्हणाला, "अण्णा, इथली वीज नद्यांच्या पाण्यावरची आहे, स्वस्त आहे. रात्रीला काही सेंटांचा प्रश्न."

"प्रश्न सेंटांचा नाही," मी म्हणालो. "जे लागत नाही ते वापरायचे कशाला?"

त्याने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी बाहेर वापरण्याजोगा टायमर आणून बसवला. पहाटे पाचला हीटर सुरू, आठला बंद. सव्वाआठला तो कामावर निघे. महिनाभर सर्व काही यथास्थित चालले आणि मी मनातल्या मनात युनिटे मोजत राहिलो.

जानेवारीचा तिसरा आठवडा. तापमान उणे ३४. रात्री पावणेदोनला सूनबाईंच्या खोलीतला दिवा लागला. बाळंतपणाला अजून दहा दिवस होते, पण बाळाने पंचांग पाहिलेले नव्हते. सौभाग्यवतींनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "निघा." चिरंजीव पिशवी घेऊन बाहेर धावला, मी मागोमाग. त्याने किल्ली फिरवली. इंजिनाने एकदा कण्हल्यासारखा आवाज केला. दुसऱ्यांदा त्याहून हळू. तिसऱ्यांदा नुसता 'टक्'. मोटारीला दुपारी साडेपाचपासून, म्हणजे आठ तासांहून अधिक काळ, काहीच ऊब मिळालेली नव्हती. टायमरच्या लेखी पाच वाजायला अजून सव्वातीन तास होते. खांबातून आलेली ती वायर माझ्या हातात होती, व्यवस्थित जोडलेली, आणि तिच्यात वीज नव्हती.

चिरंजीवाने रुग्णवाहिकेला लावण्यासाठी फोन काढला होता. तेवढ्यात शेजारच्या दारातला दिवा लागला. आमची धावपळ आजींनी खिडकीतून पाहिली असावी. झोपण्याच्या झग्यावर कोट चढवून त्या बाहेर आल्या, काहीही न विचारता आपल्या जुन्या मोटारीच्या नाकातली वायर उपसली आणि किल्ली फिरवली. पहिल्या फेरीत इंजिन सुरू झाले. त्यांची मोटार संध्याकाळपासून खांबालाच होती. सूनबाई, सौभाग्यवती आणि चिरंजीव त्यांच्यासोबत गेले. मोटारीत जागा नव्हती म्हणून, आणि खरे तर मी गेलो असतो तरी माझा काही उपयोग नव्हता म्हणून, मी मागे राहिलो.

सकाळी सहाच्या आधी फोन आला. नात झाली, दोघीही सुखरूप. त्या अवधीत मी काय विचार केला ते लिहीत नाही. पाच वाजता मात्र मी खिडकीशी उभा होतो. टायमरवरचा छोटा तांबडा दिवा बरोबर वेळेवर लागला.

चिरंजीवाने त्या रात्रीबद्दल मला एक शब्दही विचारला नाही. आठवडाभराने मीच विषय काढला. तेव्हा तो एवढेच म्हणाला की टायमर चुकीचा नव्हता, माझीही चूक नव्हती. कोणत्या दिवसांत तो काढून ठेवायचा हे आम्हा दोघांनाही सुचले नाही. मी त्यावर बराच विचार केला आहे. निघण्याची वेळ निश्चित असेल तेथे तीन तासांची ऊब पुरेशीच असते आणि रात्रभर वीज जाळणे हा अपव्ययच, हे माझे मत आजही कायम आहे. पण घरात अवघडलेली बाई आहे, म्हातारे माणूस आजारी आहे, किंवा कोणी डॉक्टर आहे ज्याला केव्हाही बोलावणे येऊ शकते, अशा घरचा हिशेब युनिटांनी करायचा नसतो. आजींना मी नंतर विचारले की त्या टायमर का लावीत नाहीत. त्या म्हणाल्या, "माझे यजमान गेले तीही जानेवारीची रात्र होती." पुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारले नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. चिरंजीव रोज सकाळी मोटारीत बसण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारी. घोड्याच्या मानेवर थोपटावे तशी ही त्याची लकब असावी, असे मी समजत होतो. नंतर कळले की कडाक्याच्या थंडीत रस्त्यावरची मांजरे चाकाच्या बाजूने वर चढून उबदार इंजिनाच्या कुशीत जाऊन झोपतात. तसेच इंजिन सुरू केले तर पट्ट्यात आणि पंख्यात सापडून ती मरतात. दोन थापांनी ती जागी होतात आणि पळून जातात. ऊब दिली की ती आपल्याखेरीज आणखी कोणाला हवीशी वाटणारच. ग्लायकॉलचेही तसेच. ते चवीला गोड असते, जमिनीवर सांडले तर कुत्री-मांजरे चाटतात, आणि मांजराचा जीव जाण्यास त्याचा चमचाभर अंशही पुरतो. सांडलेले लगेच पुसून घ्यावे आणि डबा उंचावर ठेवावा. त्या दिवसापासून संध्याकाळी वायर जोडताना आणि सकाळी ती काढताना थापा मारण्याचे काम मी माझ्याकडे घेतले. दोनदा खरोखरच एक करडे मांजर उडी मारून पळाले. ते आजींच्याकडचे निघाले.

टायमर बाळंतपणानंतर महिनाभर कपाटातच होता. सूनबाई हिंडूफिरू लागल्यावर चिरंजीवाने तो पुन्हा बसवला, पण वेळ बदलून. आता हीटर रात्री दहालाच सुरू होतो. सात युनिटांचा नव्हे, फार तर चारांचा प्रश्न आहे, असे तो म्हणाला तेव्हा मी हिशेब दुरुस्त करायला तोंड उघडले आणि मिटले.

मार्चच्या अखेरीस आम्ही परत निघालो. उणे ५ ची हवा आम्हाला वसंतासारखी वाटू लागली होती. आवारातल्या पुष्कळ मोटारींची दावी सुटली होती आणि वायरी गुंडाळून जाळीमागे खोचलेल्या होत्या. आजींची मोटार मात्र खांबालाच होती. नातीला कडेवर घेऊन त्या आम्हाला निरोप द्यायला दारात आल्या, तेव्हा मी त्या वायरीकडे पाहिले. त्यांच्या ते लक्षात आले. "एप्रिलमध्येही बर्फ पडतो," त्या म्हणाल्या.